शनीच्या चंद्रावरचे बगदाद

बगदाद, दमिश्क, काहिरा, इस्कंदरिया. ही नावे आपल्या घरांत कुणाला नवी नाहीत. मदरशात जाणाऱ्या मुलाला ती माहीत असतात आणि अलिफ लैलाच्या गोष्टी ऐकत मोठ्या झालेल्या दादी-नानीलाही. पण याच नावांच्या चार लांबलचक भेगा शनीच्या एका लहानशा चंद्रावर आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. त्या भेगांतून पाणी उडते. आणि त्या पाण्याला धक्का लागू नये म्हणून तीन अब्ज डॉलरहून अधिक खर्चाचे, चालू स्थितीतले यान माणसांनी आपल्याच हाताने जाळून टाकले.

चालती वस्तू मोडणे आपल्याकडे कुणालाच पटत नाही. जुने पातेलेसुद्धा कल्हई करून आपण दहा वर्षे वापरतो. मग इतक्या मेहनतीचे यान नष्ट करणाऱ्यांनी काय विचार केला असेल? या महिन्यात त्याच यानाची, कॅसिनीची, हकिकत आम्ही सांगणार आहोत.

आधी दोन शब्द शनीविषयी. अरबीत आणि उर्दूत याचे नाव जुहल. जुन्या खगोलज्ञांच्या हिशोबात हा सर्वांत दूरचा ग्रह, त्याच्या पलीकडे फक्त स्थिर तारे. भविष्य सांगणाऱ्यांनी मुश्तरीला, म्हणजे गुरूला, 'सअद-ए-अकबर' ठरवले आणि बिचाऱ्या जुहलला 'नहस-ए-अकबर', सर्वांत मोठा अशुभ. शेजारच्या घरात साडेसातीची धास्ती असते तेव्हा आपण मनातल्या मनात हसतो. पण नहस घडीची धास्ती आपल्याही काही घरांत होती, अजून आहे, आणि तावीज विकणाऱ्यांचा तिच्यावर धंदाही चालतो. तो ग्रह सूर्यापासून सुमारे १४० कोटी किलोमीटरवर आपल्या वाटेने फिरत असतो. आपल्या लग्नाच्या तारखेशी त्याला काही देणेघेणे नाही.

कॅसिनी १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेतल्या केप कॅनाव्हरलहून निघाले. अमेरिकेची नासा, युरोपची अंतराळ संस्था आणि इटलीची अंतराळ संस्था अशा तिघांचे हे काम. यानाचे वजन साडेपाच टनांहून जास्त, आणि त्यातले निम्म्याहून अधिक नुसते इंधन. एवढे जड ओझे सरळ शनीकडे फेकू शकेल असे रॉकेट नव्हते. म्हणून त्याला आधी शुक्राभोवती दोनदा, मग पृथ्वीजवळून आणि मग गुरूजवळून नेले. झोपाळ्याला योग्य क्षणी हात लावला की तो उंच जातो, तसा प्रत्येक ग्रहाच्या ओढीचा फायदा घेत यानाचा वेग वाढवला. या वळणावळणाच्या प्रवासाला जवळजवळ सात वर्षे लागली. १ जुलै २००४ रोजी यान शनीच्या कक्षेत शिरले. सहा महिन्यांनी, १४ जानेवारी २००५ ला, त्याच्याबरोबर गेलेले युरोपचे हायगेन्स हे छोटे यान पॅराशूटने टायटन या शनीच्या सर्वांत मोठ्या चंद्रावर उतरले. माणसाने बनवलेली वस्तू इतक्या दूरच्या भूमीवर त्याआधी कधी टेकलेली नव्हती. टायटनवर मिथेनची तळी आणि नद्या आहेत. तो विषय इतका मोठा आहे की त्यावर स्वतंत्र लिहावे लागेल.

आज आम्हाला सांगायचे आहे ते एन्सेलाडसबद्दल. हा चंद्र अवघा ५०० किलोमीटर व्यासाचा, म्हणजे आपल्या चंद्राच्या सातव्या हिश्श्याएवढा. विल्यम हर्शेल यांनी तो १७८९ साली दुर्बिणीतून पाहिला. १९८१ साली व्हॉयेजर-२ हे यान शनीजवळून गेले, तेव्हा दिसले की तो पांढराशुभ्र आहे, ताज्या बर्फासारखा. काही भाग खड्ड्यांनी भरलेला, तर काही भाग अगदी सपाट, जणू कुणी वरून नवा लेप दिला आहे. एवढ्याशा चंद्राच्या पोटात ऊब उरलेली असणार नाही, तो कधीच गोठून निवांत झाला असणार, असा साधारण समज होता. मग हा लेप देतो कोण?

याचे उत्तर कॅमेऱ्याने नव्हे, तर एका साध्या दिसणाऱ्या उपकरणाने आधी दिले. ते होते चुंबकीय क्षेत्र मोजणारे उपकरण, आणि त्याच्या प्रमुख होत्या लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या प्राध्यापिका मिशेल डॉहर्टी. २००५ च्या सुरुवातीला कॅसिनी एन्सेलाडसजवळून दोनदा गेले. डॉहर्टी यांच्या आकड्यांत शनीचे चुंबकीय क्षेत्र त्या चंद्रापाशी किंचित वळलेले दिसले, नदीचे पाणी दगडाला वळसा घालून जाते तसे. पण वळण एका लहान, कोरड्या दगडाला शोभेल त्याहून मोठे होते. काहीतरी वायूसारखे तिथे पसरलेले असावे. त्यांनी मोहिमेच्या लोकांना गळ घातली की पुढच्या फेरीत आणखी जवळ जाऊ या. आधीच आखलेला मार्ग बदलणे सोपे नसते. तरीही जुलै २००५ मध्ये यान १७५ किलोमीटरच्या आत नेले गेले, आणि त्यांचा अंदाज खरा निघाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कॅमेऱ्यानेही दाखवले की दक्षिण ध्रुवावरून बर्फाचे कण आणि वाफ कारंज्यांसारखी अवकाशात उडत आहे.

डॉहर्टी यांच्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण आमच्या वाचकांत मुलींचे आईवडील पुष्कळ आहेत. त्या दक्षिण आफ्रिकेत वाढल्या. लहान असताना त्यांच्या वडिलांनी घरीच दुर्बीण तयार केली आणि तिच्या खालचा काँक्रीटचा पाया घालायला दोघी बहिणींनी हात लावला. त्या दुर्बिणीतून त्यांनी गुरू आणि शनी पहिल्यांदा पाहिले. त्यांच्या माध्यमिक शाळेत विज्ञानाचे विषय नव्हते. त्या गणिताच्या वाटेने इथवर आल्या. २०२५ साली ब्रिटनच्या 'अ‍ॅस्ट्रॉनॉमर रॉयल' या साडेतीनशे वर्षे जुन्या पदावर त्यांची नेमणूक झाली. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला. दहावीला विज्ञानात कमी गुण पडले म्हणून मुलीचे शिक्षण आवरते घेणाऱ्या घरांनी ही गोष्ट जरूर आपापसांत बोलावी.

आता ते पाणी येते कुठून? एन्सेलाडस सुमारे ३३ तासांत शनीभोवती एक फेरी मारतो. ही वाट पूर्ण गोल नाही, त्यामुळे तो कधी शनीच्या थोडा जवळ येतो, कधी थोडा दूर जातो. जवळ आला की ताणला जातो, दूर गेला की सैल होतो. लोखंडी तार सारखी इकडून तिकडे वाकवली की वाकल्या जागी गरम होते, हे घरी कुणीही करून पाहावे. तसाच हा चंद्र आतून तापत राहतो. वर उणे २०० अंशांच्या आसपासची थंडी, आणि बर्फाच्या जाड कवचाखाली खारट पाण्याचा समुद्र. दक्षिण ध्रुवाजवळ त्या कवचाला चार समांतर भेगा पडल्या आहेत, प्रत्येक सुमारे १३० किलोमीटर लांब. त्यांतून समुद्राचे पाणी वाफ आणि हिमकण होऊन उडते. काही कण पुन्हा चंद्रावरच पडतात. व्हॉयेजरने पाहिलेला लेप तो हाच. उरलेले कण शनीभोवती पसरतात आणि त्याचे एक अख्खे बाहेरचे कडे त्यांतूनच बनलेले आहे.

त्या चार भेगांची नावे बगदाद, दमिश्क, काहिरा आणि इस्कंदरिया. आकाशातल्या जागांना नावे देण्याचे काम आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ करतो. प्रत्येक चंद्रासाठी त्याने नावांचा एकेक खजिना ठरवून दिला आहे, आणि एन्सेलाडसच्या वाट्याला अलिफ लैला आली आहे. तिथे अलादिन आणि अलीबाबा नावांचे खड्डे आहेत, सिंदबाद आहे, समरकंद आहे, सरंदीब आहे. हजार रात्री गोष्टी सांगून आपला जीव वाचवणारी शहरजाद आहे, आणि तिची बहीण दुनियाजाद तिथेही तिच्या शेजारीच आहे. मुलांना बर्फाच्या त्या गोळ्याचा नकाशा दाखवाच. अर्धी नावे ती वाचल्याबरोबर ओळखतील.

कॅसिनी या चंद्राजवळून वीसहून अधिक वेळा गेले. काही वेळा तर सरळ कारंज्यांच्या फवाऱ्यातून. हे यान पाणी चाखायला बनवलेलेच नव्हते. ते निघाले तेव्हा कारंज्यांची कल्पनाही कुणाला नव्हती. तरी हाताशी असलेल्या उपकरणांनी जे जमले ते केले. हिमकणांत मीठ सापडले. सिलिकाचे अतिसूक्ष्म कण सापडले, जे समुद्रतळाशी गरम पाण्याचे झरे असल्याशिवाय बनणे कठीण. ऑक्टोबर २०१५ मध्ये यान ५० किलोमीटरच्या आतून गेले तेव्हाच्या मोजणीतून हायड्रोजन वायू मिळाला, आणि हा निष्कर्ष एप्रिल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पृथ्वीवरच्या खोल समुद्रात, जिथे सूर्याचा किरण पोहोचत नाही, तिथले काही जंतू हायड्रोजनवरच जगतात. पुढे २०२३ साली कॅसिनीच्या जुन्या नोंदी तपासताना फॉस्फेटही आढळले. वाचकहो, घाईने अर्थ काढू नका. तिथे जीव सापडलेला नाही. सापडले आहे ते एवढेच की पाणी, ऊब, मीठ आणि खाद्य या चारही गोष्टी एका जागी आहेत.

आता अडचण पाहा. यानाचे इंधन संपत आले होते. इंधन म्हणजे दिशा बदलण्याची ताकद. ते संपले की यान शनीच्या साठांहून अधिक चंद्रांमध्ये नुसते भिरभिरत राहणार, आणि कधीतरी, पन्नास वर्षांनी की पाचशे, एन्सेलाडसवर किंवा टायटनवर आदळण्याची शक्यता उरणार. आदळले तर काय बिघडते? दोन गोष्टी. एक म्हणजे यान पूर्ण निर्जंतुक नव्हते. याने जिथे जोडतात त्या अतिस्वच्छ खोल्यांतही चिवट जंतू तग धरून राहतात; फ्लोरिडातल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या कुरू इथल्या, हजारो किलोमीटर अंतरावरच्या दोन खोल्यांत एकाच जातीचा जंतू सापडला होता. दुसरी म्हणजे यानावरचे प्लुटोनियम. शनीपाशी सूर्यप्रकाश आपल्या शंभराव्या हिश्श्याएवढा पडतो, तिथे सौरपट्ट्यांवर त्या काळी भागत नव्हते. म्हणून सुमारे ३३ किलो प्लुटोनियमच्या उष्णतेवर वीज बनत असे. ती उष्णता बर्फ वितळवत राहिली, तर आपले जंतू आणि द्रवरूप पाणी एका जागी आणून ठेवल्यासारखे झाले असते.

पर्याय बरेच तपासले गेले. दूरच्या सुरक्षित कक्षेत सोडून द्यायचे, शनी सोडून दुसऱ्या ग्रहाकडे पाठवायचे, असेही विचार झाले. शेवटी ठरले की यान शनीतच बुडवायचे. तिथे पोहोचण्याआधी शनी आणि त्याची कडी यांच्यामधल्या, दोन हजार किलोमीटरच्या आसपास रुंदीच्या फटीतून त्याला बावीस वेळा न्यायचे, कारण तिथे कुणीच कधी गेले नव्हते. पहिल्या फेरीला मोठी अँटेना ढालीसारखी पुढे धरली होती, धुळीचे कण आपटतील म्हणून. धूळ जवळजवळ निघालीच नाही. शास्त्रज्ञ स्वतः चकित झाले.

आमच्या मते या सगळ्या हकिकतीत विचार करण्याजोगी जागा हीच आहे. फिकहमध्ये एक जुना उसूल आहे की फायदा मिळवण्याच्या आधी नुकसान टाळणे येते. वाहत्या नदीच्या काठीसुद्धा वुजूचे पाणी जपून वापरावे, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते. नदी आटेल म्हणून ते सांगत नाहीत. ते पाणी आपल्या एकट्याचे नाही, म्हणून सांगतात. एन्सेलाडसच्या समुद्रात कुणी मखलूक आहे की नाही, कुणालाच माहीत नाही. पण असेल, तर तिचा त्या पाण्यावर हक्क आपल्या आधीचा आहे. अल्लाहला आपण रब्बुल आलमीन म्हणतो. त्यातला 'आलमीन' हा शब्द अनेकवचनी आहे. पॅसाडेनाच्या प्रयोगशाळेत बसलेल्या लोकांनी हा उसूल फिकहमधून घेतला नव्हता. त्यांच्यापुढे १९६७ चा अंतराळ करार होता. इतर ग्रह-चंद्रांना घातक दूषण होऊ देऊ नये असे त्यात लिहिलेले आहे, आणि भारतही त्या करारात आहे. शिवाय संशोधनाचा रोकडा स्वार्थही होता. उद्या तिथे जीव शोधायला जायचे आणि सापडले ते आपणच नेऊन टाकलेले निघाले, तर सगळी मेहनत वाया. हेतू मिसळलेले होते, पण काम अमानतीचे झाले.

मात्र एक गोष्ट आम्हाला खटकते आणि ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. हेच प्लुटोनियम घेऊन हेच यान १८ ऑगस्ट १९९९ रोजी पृथ्वीपासून अवघ्या ११७१ किलोमीटरवरून गेले होते. उड्डाणाच्या वेळी केप कॅनाव्हरलला लोकांनी निदर्शने केली होती. अपघाताची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी आहे, असे नासाचे उत्तर होते, आणि तो हिशोब चुकला नाही. पण ज्यांच्या डोक्यावरून ते गेले त्या कोट्यवधी लोकांना कुणी विचारले नव्हते. नसलेल्याही असू शकतील अशा जंतूंसाठी एवढी काळजी आणि असलेल्या माणसांसाठी नुसता हिशोब, हा फरक का? आम्हाला वाटते, तो मनांच्या कोमलतेचा फरक नसून व्यवस्थेचा आहे. परक्या चंद्राच्या पाण्यासाठी करार आहे, नियमावली आहे, नासात या एकाच कामासाठी नेमलेला अधिकारी आहे. तुमच्या-आमच्या गावच्या ओढ्याला असा कुणी नेमलेला नाही.

खर्चाचा प्रश्नही येतो. गरिबांना द्यायचे सोडून हे पैसे आकाशात का घालवले? प्रश्न चांगला आहे, पण तो विचारणाऱ्याने लग्नाच्या हॉलमध्येही एकदा विचारावा.

२२ एप्रिल २०१७ रोजी यान टायटनजवळून शेवटचे गेले. टायटनच्या ओढीने त्याची वाट अशी वळली की त्यानंतर परत फिरणे नव्हते. १५ सप्टेंबर २०१७ हा शुक्रवार होता. आपल्याकडे जुम्याची नमाज होऊन गेलेली, मगरिबला तासाहून थोडा अधिक वेळ बाकी. पॅसाडेनात पहाट होती. लिंडा स्पिल्कर यांच्यासारखे काही जण १९८८ पासून, म्हणजे यान कागदावर होते तेव्हापासून, या मोहिमेत होते. ज्यांनी तरुणपणी आराखडे काढले त्यांचे केस पिकले होते. कॅमेरे आदल्या दिवशी बंद केलेले, कारण चित्रे पाठवायला वेळ लागतो आणि आता मोजणीचा प्रत्येक आकडा निघाल्याबरोबर पाठवायचा होता. ताशी सुमारे १ लाख १३ हजार किलोमीटर वेगाने यान शनीच्या वातावरणात शिरले. हवा त्याला उलटवू लागली. अँटेना पृथ्वीकडे धरून ठेवण्यासाठी त्याच्या छोट्या इंजिनांनी सुमारे दीड मिनिट झुंज दिली, शेवटची काही सेकंदे पूर्ण ताकदीने. मग ते उलटले.

भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ५ वाजून २५ मिनिटांनी ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या अँटेनाला आलेला संदेश थांबला. शनीपासून संदेश यायला त्या दिवशी ८३ मिनिटे लागत होती. म्हणजे यान आपल्याकडचे चार वाजले तेव्हाच जळून गेले होते, आणि पॅसाडेनातली माणसे तासभराहून जास्त वेळ, नसलेल्या यानाचा आवाज ऐकत बसली होती. तेरा वर्षांत त्याने साडेचार लाखांहून अधिक चित्रे पाठवली. त्यांवरचे काम अजून चालू आहे. फॉस्फेटची गोष्ट वर सांगितलीच. यान गेल्यानंतर सहा वर्षांनी ती उमगली.

कॅसिनीच्या आधी गॅलिलिओ यानालाही असेच, २१ सप्टेंबर २००३ रोजी, गुरूमध्ये बुडवले होते. त्याच्या युरोपा या चंद्राच्या बर्फाखालीही समुद्र असावा म्हणून. त्या युरोपाकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये नवे यान निघाले आहे आणि ते २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचेल, इन्शाअल्लाह. एन्सेलाडसचा क्रम त्यानंतर. युरोपच्या अंतराळ संस्थेच्या तज्ज्ञांनी २०२४ साली पुढच्या मोठ्या मोहिमेसाठी याच चंद्राची शिफारस केली आहे. पण यान बनवायचे, या वेळी खऱ्या अर्थाने निर्जंतुक करायचे आणि पोहोचवायचे म्हणजे २०५० चे दशक उजाडेल. ज्यांनी ते चालवायचे आहे ती मुले आज पहिली-दुसरीत आहेत.

तोवर शनी तुमच्या छतावरूनही दिसतो. या काही वर्षांत पावसाळा सरला की अंधार पडल्यावर पूर्वेकडे एक पिवळसर, न लुकलुकणारा ठिपका शोधा. इशाच्या नमाजेनंतर तो चांगला वर आलेला असतो. साध्या डोळ्यांना कडी दिसणार नाहीत, लहान दुर्बिणीतून दिसतील. २०२५ साली ती आपल्या बाजूने अगदी आडवी, रेघेसारखी झाली होती, आता पुन्हा हळूहळू उघडत आहेत. कड्यांच्या बाजूला एक बारीक तारा दिसला तर बहुधा तो टायटन. एन्सेलाडससाठी मात्र बरीच मोठी दुर्बीण लागते. शाळेत किंवा जवळच्या विज्ञान केंद्रात आकाशदर्शन असेल तेव्हा मुलांना घेऊन जा आणि तिथल्या माणसाला बगदाद कुठे आहे ते विचारा.